माईसाहेबांची बिनटाक्याची बंडी

हसायचं असेल तर हातातला चहा आधी संपवा. नाही तर ठसका लागेल आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटेल.

मी धारची माहेरवाशीण. तिथं एका मडमेकडून लोकरीचे मोजे विणायला शिकले. मोजेच बरं का, दुसरं काही नाही. लग्न होऊन देवासला आले ती ट्रंकेत चार सुया घालूनच. देवासला राजे दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. थंडी मात्र दोघांत मिळून एकच, आणि ती अशी की पौषात बोटं वाकत नाहीत. मी मोजे विणत सुटले. घरातले पाय संपले, तेव्हा ठरवलं, आता विकायचे.

सासूबाई म्हणाल्या, "दरबारातल्या कारकुनाची बायको मोजे विकणार? लोक म्हणतील मुलाचा पगार पुरत नाही."

"म्हणू देत. पाय तर त्यांचेही गारठतात."

सासूबाईंनी अट घातली. "एखाद्या मोठ्या घरातून मागणी येऊ दे. चार बायकांसमोर तुझ्या कामाची वाखाणणी होऊ दे. मग खुशाल विक. नाही तर त्या सुया चुलीत."

आता मला असं कुणी सांगितलं की मी ते करून दाखवल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्याच दिवशी मी थोरल्या पातीतल्या एका कारभाऱ्यांच्या घरी गेले. त्यांच्या आई, माईसाहेब, सत्तरीच्या. सोवळ्याओवळ्याला अख्ख्या गावात त्यांच्याइतकं कडक कुणी नव्हतं. धुंधुरमासात पहाटे उठून, अंघोळ करून, सोवळ्यात खिचडी रांधायच्या, कारण नैवेद्य सूर्य उगवायच्या आत दाखवायचा. अंगावर काय, तर एक विरलेली लोकरीची धाबळी. चोळी घालावी तर ती शिवलेली, आणि शिवलेलं सोवळ्यात चालत नाही.

मी म्हटलं, "माईसाहेब, लोकर सदा सोवळी, हो की नाही?"

"हो."

"आणि मी विणते. शिवत नाही. एका धाग्याची बंडी करून देते, टाका म्हणून एक नाही."

माईसाहेबांनी लगेच भटजींना बोलावलं. भटजींनी डोकं खाजवलं, पण त्यांना दोष काही सापडेना. मागणी पक्की झाली. मी घरी आले ती सासूबाईंकडे न बघता, मान ताठ ठेवून.

महूच्या छावणीतून लोकर आणवली. येत होते मोजेच, तेव्हा मी बिनपायाचा एक थोरला मोजा विणायला घेतला. गळ्यापासून सुरुवात, खाली खाली रुंद, बाह्या नाहीतच. बटण लावायचं तर टाका आला, म्हणून पुढून उघडी नाही, डोक्यातून घालायची. आणि माईसाहेबांनी बजावलं होतं की दुसऱ्या कुणी ती अंगात घालता कामा नये. म्हणजे घालून बघायचीही सोय नाही. पण मला कशाला बघायला हवं होतं? माझा माझ्या हातावर पुरता भरवसा होता.

नैवेद्याच्या दिवशी आठदहा बायका जमल्या. सासूबाईही होत्या, अट विसरायला त्या काही अशातशा नव्हेत. माईसाहेब सोवळ्यात, नथ घालून, चुलीपाशी. मी बंडी दुरूनच पाटावर ठेवली. त्यांनी ती उचलली, सगळ्यांना दाखवली, म्हणाल्या, "बघा गं, एक टाका नाही." आणि डोक्यातून घातली.

डोकं आत गेलं. बाहेर मात्र आलं नाही.

मी काय केलं होतं माहीत आहे? माप घेतलं होतं गळ्याचं. गळ्यापर्यंत पोचायला आधी डोकं लागतं, आणि त्या डोक्यामागे अंबाडा असतो, हा विचार महिनाभरात एकदाही शिवला नाही मला.

आतून माईसाहेब म्हणाल्या, "ओढ."

ओढणार कोण? सोवळ्यात त्या एकट्याच. आम्ही सगळ्या ओवळ्यातल्या, शिवलं की नैवेद्य गेला. एकीनं अंघोळ करून यावं तर तोवर उजाडणार. त्यांनी स्वतः वर ओढायला पाहिलं तर नथ विणीत अडकलेली. हात आत, डोकं आत. तशाच त्या चाचपडत चुलीकडे निघाल्या आणि बायका किंचाळल्या. दारातून मोलकरणीनं डोकावून माळवीत विचारलं, "कईं हुयो, बाई सा?" उत्तर कोण देणार, सगळ्यांच्या तोंडाला पदर लागलेले.

माझ्या डोळ्यांपुढे माझ्या चार सुया जळायला लागल्या. मी म्हटलं, नाही. काही झालं तरी नाही. "माईसाहेब, लोकरीला विटाळ नाही ना?"

"नाही. पण खिचडी लागतेय."

झालं तर. मी खाली बसले, बंडीच्या काठाचा धागा हेरला, चिमटीत धरला आणि ओढत उंबऱ्यापर्यंत मागे आले. "फिरा," म्हटलं. माईसाहेब जागच्या जागी गोल फिरू लागल्या आणि मी ओढू लागले. महिनाभराची मेहनत सरसर उसवत माझ्या पायाशी येऊन पडत होती. आधी कोपरं दिसली, मग खांदे, मग हनुवटी, मग नथ सुटली आणि शेवटी माईसाहेब.

चक्कर ओसरेपर्यंत त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. नैवेद्य दाखवला. वेळ साधली. मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंत? सगळी उसवली, पण मध्ये कुठे गाठ नाही की टाका नाही. पोरगी खोटं बोलली नव्हती. मला दुसरी करून दे." त्यामागून आणखी तिघींनी मागणी केली.

सासूबाई घरी येऊन पाटावर बसल्या, म्हणाल्या, "मलाही एक कर. चांगलं माप घेऊन."

मला इतका आनंद झाला, काय सांगू. धावत दोरा आणला आणि घाईघाईनं मापाला लावला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, हा गळा आहे. डोकं वर आहे."