हंडे किती, विटा किती

जूनमधला दुसरा रविवार, साल शहाऐंशी. सरावलीच्या आमच्या चाळ कमिटीची बैठक. हजर: अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस म्हणून मी, कारखान्यातले तीन कामगार आणि आमच्या भागाचे हवालदार. हवालदार उभे होते. बसलेले ते कधी कुणाला दिसलेच नाहीत.

दारातूनच त्यांनी विचारलं, "वयनी, आज हंडे किती, विटा किती?"

तुम्ही चाळीत राहिला असाल तर कळेल. पाणी यायच्या आधी बायका नळापाशी हंडा ठेवून नंबर लावत आणि घरी जात. हंडे चोरीला जाऊ लागले की रांगेत हंड्याच्या जागी विटा दिसत. हवालदार रोज त्या मोजत. त्यांना जमलं नाही तर मी.

खजिनदार म्हणाले, "हवालदार, चोर पकडायचे सोडून विटा काय मोजता?"

"चोर किती हायत ते तरी कळू द्या. हंडा गेला म्हणून पोलिसात कोन येतो? वीट खोटं बोलत नाय."

हवालदार मूळचे जवळच्या मुरबे गावचे. दाराबाहेर चपला किती, दोरीवर राखणीशिवाय कपडे किती, सगळं त्यांच्या डायरीत असे. कारखान्यातून परतणाऱ्या किती बायका जवळची पायवाट सोडून डांबरी रस्त्याने वळसा घेतात, हेही. त्या पायवाटेसाठीच आम्हाला पोलीस चौकी हवी होती. त्या दिवशी बैठकीत आमच्या अर्जाला आलेलं वरच्या साहेबांचं उत्तर वाचलं: रजिस्टरात गुन्हेच नाहीत, चौकी कशाला?

दुसऱ्या दिवसापासून हवालदार आणि मी खोली न् खोली फिरलो. प्रश्न दोनच. वर्षभरात काय घडलं? पोलिसांत सांगितलं का?

एक वेल्डर म्हणाला, "साब, साइकिल के लिए दिन भर की छुट्टी कौन लेगा? ठेकेदार दूसरा आदमी रख लेगा."

"लिवा वयनी. सायकल गेली. सांगितली नाय, तेबी लिवा." एवढं बोलून हवालदार पुढच्या दारात. माझी पेन्सिल मागे धावायची.

त्यांनी प्रत्येकाला बजावलं की तक्रार घेऊन या, मी परत पाठवणार नाय. लोक येऊ लागले. ऑगस्टपर्यंत रजिस्टर भरत गेलं.

नवा अर्ज लिहायला घेतला तेव्हा त्यांनी मला दोनदा सांगितलं, "सांगितलेलं नि न सांगितलेलं, दोनी रकाने एकाच कागदावर पाठवा. नुसतं रजिस्टर धाडलं तर साहेब म्हनतील, चोऱ्या वाढल्या. चोऱ्या त्याच हायत. लोक बोलाया लागलेत."

मला नीटनेटक्या कागदाची सवय. न सांगितलेल्या गोष्टींच्या रकान्यात खाडाखोड फार. 'बहुतेक', 'नक्की आठवत नाही', कुठे नुसतं 'कुलूप'. असा कागद साहेबांपुढे कसा ठेवायचा? तो पक्का करून मागाहून पाठवू, असं मी ठरवलं. रजिस्टरातल्या नोंदी तेवढ्या सुवाच्य अक्षरात उतरवून टपालात टाकल्या. हवालदारांना विचारलं नाही.

पंधरा दिवसांत त्यांच्या बदलीचा हुकूम आला. शेरा होता: यांच्या काळात गुन्हे वाढले. नव्या हवालदारांनी तक्रारदारांना समजावून घरी पाठवायला सुरुवात केली. रजिस्टर पुन्हा कोरं झालं. परिस्थिती सुधारली म्हणून चौकीचा अर्ज निकालात निघाला.

जाण्याआधी ते निरोप घ्यायला आले. मी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी बाजूला सरकवली.

"चूक माझी झाली," मी म्हणाले.

"अक्षर चांगलं हाय तुमचं. म्हणून तर साहेबांनी वाचलं." ते हसले. मला हसता आलं नाही. "ऐका. मागच्या रांगेतल्या नऊ खोल्या ऱ्हायल्या. त्या बाया डोंगरात आपल्या शेतावर गेल्यात. भातकापणी झाली की येतील. पायवाटेनं जाणाऱ्या तेवढ्या त्याच हायत. त्यांना विचारा." आणि मी 'हो' म्हणेपर्यंत ते जिना उतरले होते.

दिवाळीनंतर मागच्या रांगेतली कुलपं निघाली. मी वही घेऊन पहिल्या दारात गेले. बाई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवून बसायला फळी दिली. "काय हाय ताई?"

तिने काही सांगितलंच, तर ते घेऊन मी कुठे जाणार होते? रेशन कार्डाचं काहीतरी विचारलं आणि परत आले.

नऊ खोल्यांत विचारायचं अजून बाकी आहे.