काळ्या रानातला डांबरी तुकडा

मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा मी साताऱ्याकडून ओव्हरसियर म्हणून उस्मानाबादला आलो. बेंबळीकडच्या रस्त्याचा, काळ्या रानातून जाणारा एक तुकडा माझ्याकडं दिला. माझ्या आधीच कुणीतरी त्यावर पातळ डांबर ओढलं होतं. "वर्षभर सांभाळा, मग बदली," असं साहेब म्हणाले होते.

रस्ता काही सांभाळू देईना. पावसाळ्यात खालची माती फुगायची, उन्हाळ्यात आटून फाटायची. चाकांना लोखंडी धावा बसवलेल्या बैलगाड्या एकाच रेषेतून जायच्या आणि चाकोऱ्या खोल होत जायच्या. एकदा चाक आत गेलं की गाडीवानाला ते बाहेर काढता येत नसे. समोरून एस.टी. आली की दोघंही अडून बसत, आणि शिव्या मला. डांबरावर सुसरीच्या पाठीसारख्या भेगा पडलेल्या. मी खड्डे बुजवायचो. पावसाळा सरला की सगळं पुन्हा तसंच. बदलीचा अर्ज केला की एकच उत्तर यायचं, "आधी रस्ता नीट करा."

"साहेब, वरून कितीही डांबर ओता, खालचा पायाच मऊ आहे," मी सांगायचो.

"मुरूम लई लांबनं आणावा लागतो. मंजुरी कोण देणार?" साहेब म्हणायचे.

बायको विचारायची, "अहो, आपण इथंच म्हातारे होणार का?" मी बदलीचा नवा अर्ज लिहायला घ्यायचो.

एका श्रावणात साहेबांची जीपच चाकोरीत रुतली. मजुरांनी ढकलूनही हलेना. साहेब वैतागून बांधावर बसले. मी पहार मागवली आणि त्यांच्यासमोरच रस्ता खणला. बोटभर डांबर, थोडी खडी आणि खाली लोण्यासारखा चिखल. निम्मी खडी त्यातच गेलेली. बांधावर तारेचा तुकडा पडला होता. तो मी वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. शेवटी तुटला.

"प्रत्येक चाकाखाली डांबर असंच वाकतंय, साहेब. भेग खालून सुरू होते. वर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो."

साहेबांनी खड्ड्यात वाकून चिखल बोटानं दाबून पाहिला. मग म्हणाले, "मुरूम किती लागंल?"

उन्हाळ्यात काम काढलं. माती उपसून मुरूम, त्यावर हातानं रचलेले दगड, मग खडी. ती एकमेकींत घट्ट अडकेपर्यंत रूळ फिरवला. चाकाचा भार मग एका जागी न बसता पसरतो. डांबर बेतानंच घातलं, जास्त झालं तर उन्हात चाकाखाली सरकतं. दोन्ही कडेनं पाण्याला वाट काढून दिली.

पावसाळा सरला, गाड्या जातच होत्या. मी वाकून रस्त्यावरून हात फिरवला. चाकोरी नव्हती, भेग नव्हती. त्याच दिवशी अर्ज घेऊन कचेरीत गेलो.

साहेब खुशीत होते. चहा मागवला. "आता तुम्हाला कसं सोडू? परंड्याकडं सगळं काळं रानच पडलंय. हे काम इथं दुसऱ्या कुणाला जमतंय?" अर्ज त्यांनी उघडलासुद्धा नाही.

घरी बायको भाकरी थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे रस्ता बिघडला तरी इथंच, आणि टिकला तरी इथंच?"

"व्हय," मी म्हणालो. तिथल्या गाडीवानांची बोली माझ्या तोंडात कधी बसली, कळलंच नव्हतं. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या आठवड्यात मी परंड्याच्या रस्त्यावर आखणी करत होतो.