न समजणारी हवी आहे

माझी सून पीटीसी करत होती, म्हणजे मास्तरीण व्हायचा कोर्स. त्याचं नाव वर कुठंतरी केव्हाच बदललंय म्हणे, पण सुरतेच्या बमरोलीत आमच्या गल्लीला ते अजून कुणी कळवलेलं नाही. शेवटचा पाठ तेवढा राहिला होता. परीक्षक मॅडम शाळेत येऊन मागे बसणार, ही चौथीच्या वर्गाला शिकवणार, जमलं तर सर्टिफिकेट. नाही जमलं तर वर्ष गेलं.

पोरीनं तयारी अशी केली होती की लग्नातसुद्धा एवढी केली नव्हती. रंगीत तक्ता काय, फळ्यावरचं मोत्यासारखं अक्षर काय, आरशासमोर हसून बोलणं काय! आणि ऐन वेळी कॉलेजातून निरोप आला, तपासणी बदलली. आता बेनकडे बघायचं नाही, मुलांकडे बघायचं. सुरतेत बाईंना बेन म्हणतात, मराठी शाळेतसुद्धा. तर बेननं शिकवता शिकवता कुणाला समजलं नाही ते हुडकायचं आणि त्याला तिथल्या तिथं समजावून दाखवायचं. मार्क त्याचे.

घ्या! आजवर सगळ्यांना समजलं की बेन हुशार. आता एखाद्याला समजलं नाही तरच बेन हुशार. ज्यानं कुणी हे काढलं, त्याच्या घरी सासू नसणार. नाही तर न समजणारं माणूस शोधायला शाळेपर्यंत कशाला जावं लागतं?

दुपारी माझ्याकडे शेजारच्या बायका साड्यांवर खडे चिकटवायला बसतात. त्यांचाच चौथीचा वर्ग झाला. पाठ अपूर्णांकांचा. सुनेनं विचारलं, "पोळीचा तिसरा भाग मोठा की चौथा?" एकीनं "तिसरा" म्हटलं, की बाकीच्यांनी मान वर न करता "तिसरा".

"कुणाला समजलं नाही?"

कुणालाच नाही. चारचौघींत 'मला समजलं नाही' असं आमच्यात कोण म्हणतं? मग ती माझ्याकडे वळली.

"आई, तुम्ही व्हा न समजणाऱ्या."

या घरात ते काम मी इतकी वर्षं फुकट करत आले, आता रीतसर नेमणूक झाली. मी म्हटलं, "चौथा मोठा. तिनापेक्षा चार मोठे ना?" तिनं तक्ता दाखवून समजावलं. मी म्हटलं, "नाही समजलं." तिनं तेच परत सांगितलं, जरा मोठ्यानं. "नाही समजलं." तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"आई, आता समजा ना! पाठात लिहिलंय, इथं विद्यार्थ्याला समजतं!"

बायका इतक्या हसल्या की एकीचे खडे साडीऐवजी सतरंजीला चिकटले.

शाळेतल्या वर्गावर हाच पाठ तिनं सरावाला आधी घेतलेला, त्यामुळे मुलांना उत्तरं तोंडपाठ. तिथंही नेमणूक करावी लागली. एका चुणचुणीत मुलीला सांगितलं, तू हात वर करून 'नाही समजलं' म्हणायचं. मुलगी खूश. घरी जाऊन सांगते, "बेननं मला न समजणारी केलंय!" ती नेमकी आमच्याच एका खडेवालीची मुलगी. सकाळी तिची आई माझ्या दारात, पदर खोचून, तिच्या खानदेशी बोलीत.

"काय वं मावशी, मनी पोर ढ शे का?"

"अगं, नाटकातलं काम आहे ते."

"मग तुमना नातूले द्या ते काम!"

नातू पाळण्यात होता. नेमणूक रद्द झाली. वर बेन पोरांना ढ ठरवते, असं त्या खडेवालीनं गल्लीभर सांगून ठेवलं, आणि घरोघरी पोरांना दम मिळाला, की वर्गात हात वर केलास तर बघ.

पाठाच्या दिवशी मीही गेले. नव्या तपासणीत 'समाजाचा सहभाग' असाही एक रकाना आहे, त्यात मला भरलं होतं. शेवटच्या बाकावर, मॅडमच्या शेजारी, इस्त्रीची साडी नेसून मी समाज म्हणून बसले.

"तिसरा मोठा की चौथा?"

"तिसऽऽरा!" भिंती हलल्या.

"कुणाला समजलं नाही?"

सगळे हात बाकाखाली. तिनं परत विचारलं. एक हात नाही. मॅडमचं पेन थांबलेलं, आणि सुनेचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, उठून मीच हात वर करावा. पण समाजाला तशी परवानगी आहे की नाही, कुणास ठाऊक.

मग तिनं खडू खाली ठेवला.

"मला नव्हतं समजलं," ती म्हणाली. "चौथीत मला चौथा भागच मोठा वाटायचा. परीक्षेत बरोबर लिहायची मी. पण वाटायचं तेच."

मग खिडकीजवळून एक हात. "बेन, मला पण तसंच वाटतं." मग दुसरा. बघता बघता अर्धा वर्ग, आणि खडेवालीच्या मुलीचा हात सगळ्यांत उंच. एक न समजणारी मिळता मिळत नव्हती, आता एवढ्या निघाल्या की समजावता समजावता घंटा झाली.

मॅडम उठल्या. "पाठ पुरा झाला नाही."

"हो, मॅडम."

"उद्या याच तासाला पुरा करा. मी येते."

ती पुढे पास झाली, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या संध्याकाळी तिला घास जात नव्हता. मुलांना तिनं दुसऱ्या दिवशी घरून एकेक पोळी आणायला सांगितलं होतं, तोडून भाग करायला. झालं, गल्लीतल्या बायका एकेक करून चौकशीला. शाळेतलं जेवण बंद झालं का? आता बेनलाही डबा द्यायचा का? शेवटी खडेवाली आली. नेमणुकीच्या दिवसापासून ती माझ्याकडे तोंड फिरवूनच खडे लावत होती.

"मावशी, कळण्यानी भाकर चाली का?"

त्यांच्यात ज्वारी-उडीद एकत्र दळून ती भाकरी करतात. सून आतूनच म्हणाली, "चालेल, ताई. पण घरून तोडून देऊ नका. तिची तिला तोडू द्या, वर्गात."

"अन् चुकनी त?"

"चुकू दे. मला तेच बघायचंय."

खडेवाली उंबऱ्यात माझ्याकडे वळली.

"मग मी दोन भाकरी देस," ती म्हणाली. "एक चुकाले."