उष्टावणाची खीर

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात कधी गोड खाल्लं नाही. खालापूरकडच्या आमच्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणालाच पटत नव्हती. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की आप्पा पानावर दोन्ही हात आडवे धरायचे. आग्रह केला नाही तर यजमानाची शोभा जाते आणि आग्रह मोडला तर पाहुण्याची, म्हणून दर वेळी झटापट व्हायची. स्वतःच्या लग्नात माझ्या आईनं, म्हणजे नवरीनं, भरवलेला गोड घास त्यांनी कसाबसा गिळला आणि मांडवामागे जाऊन ओकले. नवरदेव घाबरला, असं लोक म्हणाले. पुढे रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत ते बिनसाखरेचा चहा पीत राहिले आणि ‘नाटकी माणूस’ हे बिरुद मिरवत राहिले. आंबा नाही, केळं नाही, पुरणपोळी नाही. भाकरी, भात, सुकट, मिरची, संपलं. सत्तरी उलटली तरी सगळे दात शाबूत, एकही किडलेला नाही. त्या दातांचा त्यांना भारी गर्व.

मी जीवरसायनशास्त्र शिकलो. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत यकृतातल्या एन्झाइमांवर काम करतो, शिवाय जन्मजात चयापचय विकार हा विषय शिकवतो. आपण खातो ते अन्न शरीरात पायरीपायरीनं तोडलं जातं. प्रत्येक पायरीला एक ठरावीक एन्झाइम लागतं. ते एखाद्याला जन्मतःच बिघडलेलं मिळालं, की अन्न अर्ध्या वाटेत अडकतं, साचतं आणि त्याचं विष होतं. दर वर्षी मी अशाच एका विकारावर तास घेतो. फळं, मध, गूळ, साखर या सगळ्यांत फ्रुक्टोज असतं आणि काही जणांच्या यकृताला तेच तोडता येत नाही. अंगावरचं दूध पीत असेपर्यंत असं मूल ठणठणीत असतं. वरचं गोड सुरू झालं की उलट्या होतात, घाम सुटतो, रक्तातलं ग्लुकोज घसरतं आणि वेळेवर कळलं नाही तर मूल हातचं जातं. जे वाचतात ते गोडाचा तिटकारा धरून जगतात, आणि म्हणून त्यांचे दात सुंदर असतात, असं मी विद्यार्थ्यांना हसत सांगायचो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वर्षानुवर्षं वर्गात हे बोललो आणि सुट्टीत घरी येऊन आप्पांच्या शेजारी जेवायला बसलो.

धाकट्या बहिणीचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. मामाची मुलगी करायची आमच्यात रीतच आहे. त्यामुळे आप्पांची सख्खी बहीण हीच तिची सासू, आणि घर कशेळ्याला. तिला मुलगा झाला तेव्हा मी फोनवरून हुकूम सोडला की सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. मध चाटवायचा नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. आत्याला राग आला. “आमी काय पोरं वाढवली नाय व्हय?” म्हणाली. पण बहिणीनं माझा शब्द तंतोतंत पाळला. आज कळतं, त्या सहा महिन्यांनीच त्याला सांभाळलं. तेव्हा मात्र मी शहाणपणाची शाबासकी घेऊन मोकळा झालो होतो.

सहावा महिना भरला आणि उष्टावण ठरलं. पहिला घास मामाचा. मी सकाळीच कशेळ्याला पोचलो, आप्पा आदल्या दिवशीच आले होते. आत्यानं गुळाची तांदळाची खीर केली होती. चांदीची वाटी घासून लख्ख ठेवली होती. बाळाला मांडीवर घेतलं, अंगठी खिरीत बुडवली आणि त्याच्या ओठांना लावली. त्यानं तोंड वाकडं केलं. सगळे हसले. “आजोबावर गेलाय,” आत्या म्हणाली, आणि मीही हसलो. मग आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येक बाईनं एकेक बोट चाटवलं. शेजारणी, चुलत्या, सगळ्या. बाळ मान फिरवत होतं आणि बायका कौतुकानं त्याची हनुवटी धरत होत्या. थोडं अजून, थोडं अजून. आग्रह आमच्या हाडात आहे, तो सहा महिन्यांच्या पोरालाही चुकत नाही.

पाऊण तासानं त्याला उलटी झाली. मग आणखी एक. जेवणं चालली होती. नजर लागली म्हणून आत्यानं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. तिसऱ्या उलटीनंतर बाळ रडायचं थांबलं, ते मला आधी बरंच वाटलं. बहीण माझ्याकडे बघत होती. तिच्या घरातला शिकलेला माणूस मीच. मी म्हणालो, “पाणी कमी झालंय अंगातलं. साखर-मीठ-पाणी करून आणा.” आलं, आणि मी चमच्याचमच्यानं पाजायला लागलो. खीर पाजली तीही मीच, वर साखरपाणी पाजलं तेही मीच.

आप्पा ओसरीवर बसून भाकरी खात होते. ते उठून आत आले, खाली वाकले आणि त्यांनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं आणि घामानं भिजलेलं होतं.

“ते पानी नको देऊ त्याला,” ते म्हणाले.

“आप्पा, उलटीत हेच देतात.”

“माजं असंच व्हतं रं. आसाच गार घाम, आसंच हातपाय गळून जातात. ह्याला गोड सोसत नाय.”

मी वर बघितलं. वर्गात फळ्यावर काढतो ती सगळी साखळी एका क्षणात माझ्यासमोर उभी राहिली, शेवटच्या बाणापर्यंत. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी वाटी खाली ठेवली आणि बहिणीला म्हणालो, “गाडीत बस.”

कशेळे ते कर्जत हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल. त्या दुपारी तो संपेना. भावजी गाडी चालवत होते. बहीण मागे बाळाला छातीशी धरून बसली होती, मी त्याच्या गालाला चापट्या मारत होतो. ते डोळे उघडायचं आणि पुन्हा मिटायचं.

“दादा, तू हेच शिकवतोस ना?” तिनं विचारलं.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी “हो” म्हणालो आणि पुन्हा बाळाच्या गालाला चापटी मारली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. उलटीचं सिरप हातात घेऊनच ती आली. मी म्हटलं, “सिरपात साखर असते, ते नको. आधी रक्तातलं ग्लुकोज बघा आणि शिरेतून साधं ग्लुकोज द्या. ग्लुकोज चालतं, साखर चालत नाही.” तिनं माझ्याकडे क्षणभर संशयानं पाहिलं. येणारा प्रत्येक जण आजकाल अर्धा डॉक्टर असतो, तिचा दोष नव्हता. पण तिनं टाचेतून थेंबभर रक्त घेतलं, आकडा बघितला आणि ती सलाइन लावायला धावली. इवल्या हातावर शीर सापडेना, तेवढ्या वेळात मी सगळ्या देवांना साकडं घातलं, एरवी न मानणाऱ्यांनासुद्धा. अर्ध्या तासानं बाळानं पाय झाडला. मग हात. मग ते जोरात, रागारागानं रडलं, आणि बहीण त्याच्याबरोबर रडली.

चार दिवसांनी ते घरी आलं. तोवर सगळ्यांच्या रक्ताचे नमुने मी स्वतः मुंबईला नेले होते. महिन्याभरात निकाल हाती आला. या एन्झाइमचा नमुना, म्हणजे जनुक, प्रत्येकाला दोनदा मिळतो, एकदा आईकडून आणि एकदा बापाकडून. एक बिघडला तरी दुसऱ्यावर निभतं. बहिणीचा एक बिघडलेला, भावजींचा एक बिघडलेला, माझाही एक. बाळाचे दोन्ही. आप्पांचे दोन्ही.

आप्पांना सोबत घेऊन मी कशेळ्याला गेलो, ओसरीवर कागद पसरला आणि घराची वंशावळ काढली. आम्ही लोक ती चौकोन आणि गोल काढून करतो, पुरुष चौकोन, बाई गोल, ज्याचा एकच नमुना बिघडला तो अर्धा काळा. आत्या बाजूला बसून बाळाला मीठ-तूप घातलेला मऊ भात भरवत होती आणि ते मिटक्या मारत खात होतं. दुसरं औषध काही त्याला लागत नव्हतं, गोड टाळलं की झालं, ते चांगलं उंच वाढणार होतं. तिनं भीत भीत विचारलं, “म्हंजे हे माज्याकडनं आलं व्हय रं?” मी म्हटलं, “आत्या, तुझ्याकडे तुझ्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं, त्यांच्याकडे आणखी कोणाकडून. तुझ्या आईवडिलांची, दोघांचीही, एकेक बाजू बिघडलेली होती, म्हणून तर आप्पांना दोन्ही मिळाल्या. यात कोणाचा गुन्हा नाही.” तिनं मान हलवली, पण डोळे पुसायचे ते पुसलेच.

आप्पा कागदाकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, “यात माजी आई कुटली?”

मी वरचा अर्धा काळा गोल दाखवला.

“तिला कवा कळलंच नाय,” ते म्हणाले. “प्रत्येक सनाला माज्यासाठी वेगळं गोड करायची. मी ताट सरकवायचो. शेवटाला अंथरुणावर पडली तवा मला म्हनाली, तुला माज्या हातचं कदी आवडलंच नाय. मी गप बसलो. मला तरी काय ठाव व्हतं?”

आप्पांनी त्या गोलावर बोट ठेवलं, हलकेच, आणि तिथंच राहू दिलं.

“आई,” ते म्हणाले, “तुज्या हातात काय खोट नवती गं.”