बोल्टाची कडा

भीमेच्या अल्याड-पल्याड आमच्या मामांइतकी काळजी करणारा माणूस शोधून सापडायचा नाही. राहू गावाहून ते आमच्या रांजणगावच्या कंपनीत यायचे. हुद्दा सीनियर इलेक्ट्रिशियनचा आणि जीव सगळा हातातल्या थर्मल कॅमेऱ्यात. विजेच्या पॅनेलमधला कुठला जोड तापलाय ते हा कॅमेरा रंगांत दाखवतो. पण लेन्सची रिंग नीट फिरवली नाही, तर चित्र पुसट येतं आणि तापलेल्या बोल्टाचाही आकडा कमीच दिसतो. "रंग मागनं बदलता येत्यात, फोकस न्हाई," हे मामा मला, त्यांच्या हेल्परला, दिवसातून दहादा बजावायचे. श्वास रोखून रिंग केसभर पुढं, केसभर मागं, मग स्क्रीन माझ्यापुढं धरून विचारायचे, "बोल्टाची कडा दिसती का?" मी "दिसती" म्हटल्याशिवाय फोटो नाही. एकदा सरावाला म्हणून त्यांनी चहाच्या कपाची कडा धरायला घेतली, ती साधेपर्यंत चहा गार!

असे मामा एकदाच रजेवर गेले, नातीच्या नामकरणाला. मी भराभर फोटो उरकले. आकडे सगळे ठीक होते. संध्याकाळी बसकडे निघालो तोच फोन. 'जय भीम'सुद्धा न म्हणता मामा म्हणाले, "तीन नंबरच्या पॅनेलला कडा दिसत व्हती का?"

"व्हय मामा," मी म्हणालो, पण जरा थांबून.

तेवढं थांबणं त्यांना पुरलं. नामकरणाच्या नव्या कोऱ्या शर्टात ते मोटारसायकलवरून तासाभरात हजर! दुसऱ्या पाळीची माणसं त्या पॅनेलला खेटूनच काम करत होती. मामांनी कॅमेरा माझ्याच हातात दिला. मी रिंग फिरवली, कडा उमटली आणि आकडा चढतच गेला. लाइन बंद करून पाहिलं तर बोल्ट ढिला, केबलचं आवरण करपलेलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. मामा नुसतं म्हणाले, "माणसं हायती रं हितं."

पुढच्याच महिन्यात कंपनीच्या तपासणीत मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. निवृत्तीच्या मुदतीआधीच घरी बसायचं ठरवून त्यांनी कॅमेरा माझ्या हवाली केला. "मला कडा दिसायची कवाच बंद झाली व्हती," ते ओशाळून म्हणाले. "तुझ्या 'दिसती'वरच बटण दाबायचो."

मी आपला समजत होतो, मामा माझी परीक्षा घेतायत. किती वेळा न बघताच "दिसती" म्हणालो असेन, ते आठवलं की अजून झोप उडते. आता शेजारी विचारणारं कुणी नसतं. तरी मी रिंग फिरवतो, कडा डोळे ताणून बघतो, "दिसती, मामा," असं मोठ्यानं म्हणतो आणि मगच फोटो काढतो.