विमलकाकूंचा एकाआड एक आठवडा

सोमवारी बारा किलोचं डंबेल छातीशी धरून दहा उठबशा काढणारी बाई पुढच्या सोमवारी आठ किलोवर थरथरायला लागली. मी रजिस्टर मागं उलटलं. त्या बाराच्या आधीचा आठवडा आठ. त्याच्याही आधीचा बारा.

"काकू, एक आठवडा माझ्याकडं येता आणि एक आठवडा पंगतीला जाता का?"

विमलकाकू नुसत्या हसल्या. घाम पुसला आणि दुसऱ्या सेटला उभ्या राहिल्या.

मी नारायणगावातल्या एका जिममध्ये लेडीज बॅच घेते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी चार ते पाच. मूळची निमगाव सावाची. कॉलेजात कबड्डी खेळायचे आणि आवाज अजून मैदानावरचाच आहे. विमलकाकू छप्पन्न वर्षांच्या. घर मारवाडी जैनांचं, पण चार पिढ्यांपासून बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळं बोलणं आमच्यासारखंच.

दिवाळीनंतर त्या आल्या. एक्क्याऐंशीवरून सत्तरपर्यंत वजन त्यांनी आपलं आपणच उतरवलं होतं. पण काटा आता सत्तरावर बसला होता तो हलेना. शिवाय जमिनीवरून उठायचं म्हटलं की हाताला खुर्ची नाहीतर भिंत लागायची. वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही झिजतात. स्नायू गेले की ताकद जाते आणि पुढं वजन उतरायलाही जड जातं. त्यावर उपाय म्हणजे वजन उचलणं. मी उठबशीपासून सुरुवात केली. जिममध्ये तिला स्क्वॉट म्हणतात. मागं बेंच ठेवायचा, त्याला जेमतेम टेकायचं आणि हात न लावता उठायचं. असं दहा वेळा झालं की एक सेट.

"अजून पाच किलो जाऊ द्या," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पण आधी मला उठता आलं पायजे. अक्षय तृतीयेला स्थानकात महासतीजींना वंदना करायचीय. तीनदा खाली डोकं टेकायचं, तीनदा उठायचं. गुडघे गेलेल्या बायांना मागं खुर्च्या मांडतात. मला खुर्ची नको."

स्थानक म्हणजे जैनांची प्रार्थनेची जागा आणि महासतीजी म्हणजे साध्वी, एवढं मला ठाऊक होतं. अक्षय तृतीयाच का, हे काही मी विचारलं नाही. फॉर्मवर खाण्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, कांदा-बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. मी मूगडाळ, पनीर, दूध वाढवायला सांगितलं आणि मोकळी झाले.

आमचे मालक सचिनसर पेठचे. त्यांना पोस्टरसाठी काकूंचा फोटो हवा होता.

"प्रोग्रेस दाखव त्यांचा."

मी रजिस्टर पुढं केलं.

"हे काय? एक आठवडा वर, एक आठवडा खाली?"

"मलाच कळंना, सर."

"डंबेलात काय गडबड आहे का?"

"लोखंड आहे ते."

"मग शिकवण्यात गडबड आसंल."

मला राग आला, कारण मलाही तीच भीती वाटत होती.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी तिसऱ्या सेटला काकू बेंचवर टेकल्या त्या उठल्याच नाहीत. चेहरा पांढराफटक, हात गार. मी गूळपाणी घेऊन धावले. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"नको. आज न्हाई."

"काकू, हट्ट करू नका."

"न्हाई बाई."

त्यांना न्यायला सून रूपाली आली होती. तिनं माझा हात धरला. "मॅडम, मम्मींचा उपवास आहे. वर्षीतप चालूय."

आम्ही त्यांना आडवं केलं. शेजारच्या डॉक्टरांनी येऊन बीपी बघितलं. थोड्या वेळानं काकू उठून बसल्या, आणि मग वर्षीतप म्हणजे काय ते मला समजलं. एक दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोनदा जेवायचं, तेही उजेडात. तिसऱ्या दिवशी परत उपवास. असं तेरा महिने. अक्षय तृतीयेला उसाचा रस घेऊन पारणं करायचं. आणि मी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन वर शेंगदाण्याचे लाडू हाणणारी.

मी बोटांवर मोजलं. सोमवारी उपवास असला की बुधवारीही आणि शुक्रवारीही. रविवारीही. म्हणजे पुढच्या आठवड्यात उपवास मंगळवार, गुरुवार, शनिवारी, आणि माझे तिन्ही वार जेवणाचे. रजिस्टरातलं कोडं एवढंच होतं. दोन महिने ही बाई आठवडाआड उपाशीपोटी माझी बोलणी खात सेट मारत होती, आणि आज जमत नाही असं एकदाही म्हणाली नव्हती.

मी त्यांच्याजवळ बसले आणि आवाज खाली आणला. माझ्या बाबतीत हे सहसा घडत नाही.

"सांगितलं का नाही, काकू?"

"तप सांगत फिरायचं नसतं, बाई. सांगितलं की निम्मं तिथंच संपतं."

सचिनसर म्हणाले, "बंद कर. उद्या काय झालं तर निस्तरणार कोण?" ते चुकीचं बोलत नव्हते. पण मला ती मागं मांडलेली खुर्ची दिसत होती. मी काकूंना त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तपासण्या झाल्या. उपवासाच्या दिवशी वजनाला हात लावायचा नाही आणि चक्कर आली तर सगळं थांबवायचं, या अटीवर त्यांनी लेखी परवानगी दिली. मग मी माझं टाइमटेबल बाजूला ठेवलं आणि काकूंचं धरलं. जेवणाच्या दिवशी जिम, उपवासाला घरी.

पण मंगळवार, गुरुवार, शनिवार चारला जेंट्स बॅच असते. "तिथं बाई माणूस?" सचिनसरांनी कपाळाला हात लावला. काकू आल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली. खोडदच्या दोन पैलवानांनी स्पीकरचा आवाज आपणहून कमी केला. महिन्याभरात काकू चौदा किलोवर गेल्या आणि काटाही सत्तरावरून खाली सरकू लागला.

अक्षय तृतीयेला मी आणि सचिनसर स्थानकात गेलो. गर्दी होती. रूपालीनं काळजीपोटी एक खुर्ची आणून ठेवली होती. काकूंनी ती शेजारच्या आजींना दिली आणि पुढं गेल्या. गुडघे टेकले, डोकं टेकलं, उठल्या. दुसऱ्यांदा उठल्या. तिसऱ्यांदा खाली गेल्या आणि क्षणभर तिथंच थांबल्या. मी मनात मोजत होते ते विसरले. मग त्या उठल्या, दोन्ही हात जोडलेले, कशालाही न धरता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बारा वर्षं लोकांना वजनं उचलायला लावतेय, पण इतकं जड काही उचललेलं मी पाहिलं नव्हतं.

सचिनसर फोन काढायला लागले. काकू लांबूनच म्हणाल्या, "फोटो न्हाई हां, भाऊ." पोस्टरवर आता खोडदचे पैलवान आहेत.

आठ दिवसांनी काकू चारच्या ठोक्याला जिममध्ये हजर. वजन पासष्ट.

"आता रोज जेवणार, बाई. वजन वाढंल का ओ?"

मी त्यांच्या हातात सोळा किलोचं डंबेल दिलं. आमच्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न वजनाचा नसतो. कालपासून काय खाल्लं, आणि खाल्लं नसेल तर का, हा असतो.