साहेबाची टोपी

दुकानात आमच्या पिवळ्या साबणाचा वास आला, की अजून माझे कान तापतात. जालन्यातला आमचा साबणाचा कारखाना विकत घ्यायला मुंबईच्या बड्या कंपनीचा साहेब आल्ता. त्यानं पडद्यावर आमचं भविष्य तासभर दाखवलं. त्यात आम्ही कुठंच नव्हतो. माझे वडील, अण्णा, शांतपणे म्हणाले, "न्हाई जमत साहेब. तुम्ही साबणाचं नाव तेवढं ठेवताल अन् भट्टी बंद करताल."

मग रिवाजाप्रमाणे त्यांनी पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी कानावर घसरली, साहेब हसला. पुण्याहून शिकून आलेला मी, आपण गावंढळ नाही हे दाखवायला, अण्णांच्या त्या आहेराला साहेबापेक्षा मोठ्यानं हसलो.

अण्णांनी साहेबाची टोपी सरळ केली आणि सगळ्यांसमोर मला सांभाळून घेत म्हणाले, "पावण्याला हसू न्हाई, बाळा."